छापण्यास हरकत नाही

बुधवार हा टाचणीच्या सुट्टीचा दिवस. कपडे लहानमोठे करून देणाऱ्या दुकानात ती सव्वीस वर्षं शिवायला बसत होती, आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची खोड असल्यानं तिला सगळे टाचणीच म्हणत. तोंडात टाचण्या असताना एवढी बोलते, मग नसताना काय होत असेल, असं गिऱ्हाइकं एकमेकांना विचारायची. नसताना ती जास्त बोलायची. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या बुधवारी दुपारी तिला काम होतं अगदी साधं. चौदा जाडजूड वह्या कापडी पिशवीत भरून एका प्रकाशकाच्या कचेरीत न्यायच्या. काल फोन आला होता. मालकच बोलत होते, आवाज जरा दबलेला.

"तुमची टाइप केलेली प्रत आमच्याकडे आहे. तिची मूळ प्रत आहे का? हातानं लिहिलेली?"

"आहे की. चौदा वह्या."

"घेऊन या. आणि बाई... तुम्हाला मोठ्यानं वाचता येतं ना?"

"आमच्या गल्लीत विचारा," टाचणी म्हणाली आणि फोन ठेवून तिनं नवऱ्याला अशी काही हाक मारली की तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस. वर-खाली, वर-खाली करून माणूस शांत होत असावा. "बघ हं," तो म्हणाला, "सात जणांनी परत पाठवलंय."

"हा आठवा आहे. आणि यानंही परत पाठवलं तर वह्यांची पानं कापून त्यावर ब्लाउज बेतीन. पुन्हा लिहिण्याचं नाव नाही काढणार. शब्द देते."

तो हसला नाही. तिनं शब्द दिला की ती तो पाळते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

पुस्तकाचं नाव 'अस्तरदेश'. कोटाला जसं आतून अस्तर असतं तसं जगालाही असतं, आणि त्या आतल्या बाजूला एक अख्खा देश आहे, ही तिची कल्पना. तिथं नद्या शिवणीच्या कडेनं वाहतात, घरांना बटणांच्या काजांसारख्या खिडक्या, आणि बटणं विकणाऱ्याची एक मुलगी तो देश पायी पालथा घालते. सातवीत शाळा सुटलेल्या बाईनं हे सगळं स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. एका प्रकाशकानं विचारलं, यात राजपुत्र कुठे आहे? दुसऱ्यानं कळवलं, सामाजिक आशय कमी पडतो. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, पण तिथल्या लोकांना आतून टोचत नाही का हो?" दुसऱ्या दिवशी टाचणीनं कथेत एक टोचरं खेडं घातलं, आणि त्याच्या सरपंचीणबाईचा चेहरा जावेसारखा केला.

कचेरी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, भिंतींना खळीचा आणि जुन्या कागदाचा आंबूस वास. दुसऱ्या मजल्यापर्यंत रस्त्यावरचा गोंगाट सोबत येत होता. तिसऱ्याच्या पहिल्या पायरीवर तो तुटला. एकदम, दोरा दातांनी तोडावा तसा. टाचणी थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेली.

पुढच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई पुस्तकांना वेष्टनं घालत बसल्या होत्या. गळ्याला मफलर. त्यांनी मान हलवून आत जायची खूण केली. आत मालक होते, पन्नाशीचे, नाकाला रुमाल लावलेले. धुळीचा धंदा करणाऱ्या या माणसाला धुळीचंच वावडं होतं.

"बाई, खोटं कशाला बोलू," ते शिंकून म्हणाले, "मी तुमचं बाड परत पाठवणार होतो."

"मग का नाही पाठवलं?"

"हे बघा."

त्यांनी टाइप केलेली प्रत उघडून समोर सरकवली. पानोपानी हिरवी शाई. बारीक, टोकदार, सरळ रेषेतलं अक्षर. काने दिलेले, वेलांट्या फिरवलेल्या, अनुस्वार उडवलेले. 'शुर' या शब्दापाशी समासात लिहिलं होतं: 'शूर. उकार लांब हवा. आखूड उकाराचा शूर पहिल्या लढाईत पळून जाईल.'

टाचणीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. मग पान चाळीस उलटलं आणि हसू आपोआपच गेलं. तिथं तिनं लिहिलं होतं की अस्तरदेशातली मोठी नदी उत्तरेला वाहते. समासात हिरवा शेरा: 'दक्षिणेला. पाहून आलो.'

पान एकशे बारा. 'पूल दगडी नाही. लाकडी आहे, तिसरी फळी कुजलेली.'

पान दोनशे सात. 'येथे घंटा वाजत नाही. येथे काहीच वाजत नाही.'

"कोण हा दीडशहाणा?" टाचणी कडाडली. "माझी नदी आहे! मी तिला जन्म दिलाय! ती कुठे वाहते ते मला सांगणारा हा कोण?"

"आमचे मुद्रितशोधक," मालक म्हणाले. "एकतीस वर्षं होते आमच्याकडे."

"होते म्हणजे?"

"म्हणजे... गेले. नऊ वर्षं झाली."

"दुसरीकडे लागले?"

"नाही हो बाई. गेले."

पंखा वर कुरकुरत होता. टाचणीनं हिरव्या अक्षरांवर ठेवलेलं बोट हळूच उचललं.

मग मालकांनी रुमालामागून सगळं सांगितलं. त्यांच्या वडिलांचा नियम असा की शेवटच्या पानावर त्या गृहस्थांचा 'छापण्यास हरकत नाही' हा शेरा पडल्याशिवाय एकही पुस्तक यंत्रावर चढवायचं नाही. ते गेल्यावर मालकांनी एकदा नियम मोडून पाहिला. छापून आलेलं प्रत्येक पान कोरं निघालं. पुन्हा छापलं, पुन्हा कोरं. तेव्हापासून कचेरी कॅलेंडरं आणि शाळेच्या वह्या छापून जगत होती, आणि येणारी हस्तलिखितं मधल्या खोलीत त्यांच्या टेबलावर ठेवून देत होती. नऊ वर्षांत कशावरही हिरवा ठिपका उमटला नाही.

"तुमच्यावर उमटला," मालक म्हणाले. आता त्यांचे डोळे चमकत होते. "पहिल्या पानापासून. शेवटच्या प्रकरणापाशी मात्र थांबलेत. टाइप करणाऱ्यानं तिथं ओळी गाळल्यात. हे बघा काय लिहिलंय."

शेवटच्या प्रकरणाच्या डोक्यावर ठसठशीत हिरव्यात होतं: 'मूळ प्रत आणावी. वाचणारी पाठवावी.'

"शेरा मिळाला तर महिन्याभरात पुस्तक बाजारात. नाही मिळाला तर बाई, मी तरी काय करू?"

टाचणी सात नकार पचवलेली बाई; जिवंत माणसांसमोर नमली नव्हती, मग मेलेल्याची काय मिजास? तिनं पदर खोचला. "कुठे बसतात ते?"

वेष्टनं घालणाऱ्या बाई मालकांच्या आत्या होत्या. एकतीस वर्षं त्या गृहस्थांना मूळ प्रत वाचून दाखवायचं काम त्यांचंच होतं. आता घसा कायमचा बसला होता. मधल्या खोलीच्या दारापाशी त्यांनी टाचणीचा हात धरला आणि कुजबुजत सगळी पद्धत समजावली.

"सगळं वाचायचं. नुसते शब्द नाही. स्वल्पविराम आला की 'स्वल्प' म्हणायचं, पूर्णविरामाला 'पूर्ण', ओळ सोडलीस की 'नवा परिच्छेद'. ते समोर टाइप केलेल्यावर बघत असतात. टेबलावर एक टिचकी वाजली की थांबायचं. दोन वाजल्या की पुढे."

"आणि आत्या, ते... दिसतात का?"

"मला कुठे दिसायचे? तेव्हा जिवंत होते तरी मान वर करत नसत." आत्या बिनआवाजी हसल्या. "भिऊ नकोस गं. फक्त एक कर. त्यांच्या खुर्चीवर बसू नकोस. त्यांना आवडायचं नाही."

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून हस्तलिखितांच्या चळती, एक टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा. दिव्यापलीकडे रिकामी खुर्ची, अलीकडे एक स्टूल. बाहेर भर दुपार होती, तीन वाजले होते, पण या खोलीला दुपार कधी कळलीच नसावी. शाईचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा, बंद कपाटातल्या लोकरी कपड्यांचा.

टाचणीनं टाइप केलेली प्रत खुर्चीसमोर मांडली. चौदावी वही उघडली. खाकरली.

"प्रकरण शेवटचं, पूर्ण. नवा परिच्छेद. बटणवाल्याची मुलगी डोंगराच्या काठाशी आली, पूर्ण. तिथं धुकं होतं, स्वल्प, आणि धुक्यापलीकडे..."

टक्. टक्.

अगदी हलक्या. नखानं लाकडावर माराव्यात तशा. टाचणीनं मान वर करून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ती वाचत राहिली. आवाज आधी चिरकला, मग सुधारला, मग चक्क रंगात आला. काही म्हणा, एवढं लक्ष देऊन तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नवरा ऐकता ऐकता झोपायचा. इथं प्रत्येक स्वल्पविरामाला कुणीतरी जागं होतं.

एका टिचकीला ती थांबली. पानावर, तिच्या डोळ्यांदेखत, हिरवी रेघ उमटत गेली. पेन नव्हतं. हात नव्हता. फक्त कागदावर निब घासल्याची बारीक खरखर... आणि 'दिशा' या शब्दावरची चुकीची वेलांटी सुधारली.

"ती टाइपवाल्याची चूक," टाचणी म्हणाली. "माझ्या वहीत बरोबर आहे. बघा हवं तर."

मग दोन टिचक्या. जरा जोरात. तिला वाटलं, हसले बहुतेक.

असं करत ती शेवटच्या पानाशी आली. मुलगी देशाच्या कडेला पोचते, जिथं अस्तर कोटाला जोडलेलं असतं तिथं, आणि आतल्या लोकांना बाहेर जाता यावं म्हणून...

"...तिनं शिवण उसवली, पूर्ण."

टक्.

टाचणीनं ओळ पुन्हा वाचली. टक्. तिसऱ्यांदा वाचली. या वेळी टिचकी इतकी जोरात वाजली की दिव्याची मान हलली.

"काय चुकलं? उसवली. पहिला उकार आखूडच आहे."

निब खरखरली. 'उसवली' या शब्दावर आडवी रेघ आली. समासात अक्षरं एकेक करून उमटू लागली, सावकाश, पहिल्यांदाच थोडी वाकडी:

'उसवता येत नाही. प्रयत्न केला आहे.'

टाचणी ते बघत राहिली. खोलीतला लोकरीचा वास दाट झाला होता. तिला भीती वाटायला हवी होती, वाटतही होती, पण त्या वाकड्या अक्षरांची तिला कणव आली. नऊ वर्षं. पूल लाकडी, तिसरी फळी कुजलेली. तिथं काहीच वाजत नाही.

सांगितलेलं मुकाट ऐकलं असतं तर शेरा मिळाला असता. 'उसवली' काढून 'परत फिरली' घातलं की पुस्तक छापून आलंच. नुसता एक शब्द. तिनं पेन हातात घेतलंसुद्धा. मग तिनं ते वहीवर आपटलं.

"उसवता येत नाही? मला सांगताय? सव्वीस वर्षं मी दुसरं करतेय काय?" ती रिकाम्या खुर्चीवर ओरडली. "तुम्ही कात्री घेऊन मधेच कापत बसला असाल. पुरुषांची रीतच ती! अहो, अस्तर हातानं लावतात, धावदोऱ्यानं. मधे कापलं की दोरा आणखी गुंततो. आधी गाठ शोधायची. गाठ तोडली की एक टोक धरून ओढायचं, सगळी शिवण सरसर सुटते. ही माझी मुलगी बटणवाल्याची आहे, तिला एवढं कळतं. शब्द बदलणार नाही. छापा नाहीतर राहू द्या!"

दारात मालकांची शिंक अर्ध्यात अडकली.

मग खरखर.

'गाठ कोठे असते?'

"जिथून शिवायला सुरुवात केली तिथं," टाचणी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, नव्या मुलीला काम शिकवावं तसा. "वरून दिसत नाही. दोन थरांच्या मधे दडवलेली असते. तुम्ही कुठे बसायचात? इथंच ना? मग... टेबलाच्या खालून हात घालून बघा."

टेबलाखाली काहीतरी चाचपडत फिरलं. सुक्या हातानं लाकूड चाचपावं तसा आवाज. या पायापाशी... त्या पायापाशी... टाचणीनं पाय स्टुलावर ओढून घेतले. मग आवाज थांबला.

कागदावर 'उसवली' या खोडलेल्या शब्दाखाली हिरवे ठिपके उमटले, एक, दोन, तीन, चार. खोडलेलं तसंच ठेवायचं असेल तर मुद्रितशोधक असे ठिपके देतात. समासात: 'राहू द्यावे.' आणि पानाच्या तळाशी, ठसठशीत, सरळ रेषेत:

'छापण्यास हरकत नाही.'

मग टेबलाखालून सर्रर्र असा लांब, लांब आवाज आला. धावदोरा ओढल्याचा. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. खुर्ची आपोआप मागे सरकली, कुणी उठावं तशी. दिवा एकदा मिणमिणला. वास गेला. बाहेरचा रस्ता एकदम ऐकू येऊ लागला, सगळे हॉर्न आणि भांडणं घेऊन.

"मिळाला!" मालक किंचाळले आणि सलग पाच वेळा शिंकले. आत्या बाहेर धावत गेल्या, यंत्रवाल्याला हाक मारायला. घशातून आवाज निघत नाही हे त्या विसरल्याच होत्या.

टाचणी खोलीत एकटीच राहिली. वह्या भरायला गेली तर पिशवीचा बंद एका बाजूनं उसवलेला. टेबलाखाली हातभर दोरा पडला होता, चांगला पीळदार, जुन्या पद्धतीचा. उसवलेला दोरा टाकून द्यायचा नाही, ही तिच्या हाताची सवय. तिनं गळपट्टीला लावलेली सुई काढली, दोरा ओवला, उजेड नीट पडावा म्हणून खुर्ची दिव्याशी ओढून तीत बसली, आणि गुणगुणत बंदाला सहा टाके घातले. शेवटी पक्की गाठ मारली. दोरा दातांनी तोडला.

पुस्तक पाचव्या आठवड्यात आलं. पानं कोरी निघाली नाहीत. हिरव्या कापडी बांधणीचं, जाड, देखणं. दुकानमालकिणीनं ते काउंटरवर मांडलं. धाकट्या जावेनं रात्रंदिवस वाचून काढलं आणि म्हणाली, "ताई, ती टोचऱ्या खेड्यातली सरपंचीण मला फार आवडली हो." टाचणीला आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी ती आपल्या प्रती आणायला गेली, तेव्हा मालकांनी चार पदरी घडी घातलेला एक कागद तिच्या हातात दिला. "मधल्या खोलीत टेबलावर होता. घडीवर 'अस्तरदेश' लिहिलंय म्हणून ठेवला. मी उघडला नाही."

घरी येऊन तिनं नवऱ्यासमोर वरची घडी उघडली. हिरवी शाई. डोक्यावर लिहिलं होतं: 'अस्तरदेश, भाग नववा. शुद्धिपत्र.' खाली दोन रकाने, अशुद्ध आणि शुद्ध, पानांच्या आकड्यांसह.

"भाग नववा!" टाचणीनं टेबलावर थाप मारली. "अहो, नऊ भाग निघणार माझे! आणि मी दुसऱ्याचा 'द'सुद्धा लिहिला नाही अजून. बघा, बघा, पान सहाशे चार!"

नवऱ्यानं चष्मा लावला. "हे तुझंच अक्षर दिसतंय गं."

"माझं? एवढं बिनचूक?"

"तेच म्हणतो. अक्षर तुझं, चूक एक नाही." तो हसायला लागला. "आणि हिशेब कर की जरा. पहिल्याला अकरा वर्षं घेतलीस तू. अजून आठ. आज तुझं वय एकोणपन्नास. म्हणजे नववा भाग निघेल तेव्हा तू एकशे सदतीस वर्षांची!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तो हसतच चहा ठेवायला आत गेला.

टाचणीनं हसत हसत कागदाची उरलेली घडी उलगडली. तळाशी एकच ओळ होती, शेरा असतो त्या जागी.

'वाचणारी अजून आली नाही. वाट पाहते आहे.'

गृहस्थ मोठे काटेकोर होते, तिला वाटलं. त्यांनी 'पाहतो' असं लिहिलं असतं. पण त्यांची खुर्ची तर रिकामी झाली होती, आणि तीत बसून तिनंच पक्की गाठ मारली होती. तिनं त्या मात्रेवर बोट ठेवलं, पुसली जाते का बघायला.